दहा आमदार आणि आमच्या उसाची बिलं



निकालादिवशी आम्ही गुलालात न्हातो आणि पुढं पाच वर्षं हिशेब मागत नाही. म्हणून आज २०१९ ते २०२४ या चौदाव्या विधानसभेचा हिशेब मांडतो.

२८८ पैकी दहा आमदार कोल्हापूर जिल्ह्याचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये आम्ही काँग्रेसचे चार, राष्ट्रवादीचे दोन, शिवसेना आणि जनसुराज्यचा एकेक आणि दोन अपक्ष निवडून दिले. भाजपला एकही जागा दिली नाही. जून २०२२ मध्ये सेना फुटली. राधानगरीचे प्रकाश आबिटकर आणि शिरोळचे अपक्ष राजेंद्र पाटील-यड्रावकर शिंद्यांकडे गेले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. कागलचे हसन मुश्रीफ आणि चंदगडचे राजेश पाटील अजित पवारांकडे गेले. शाहूवाडीचे विनय कोरे आणि इचलकरंजीचे प्रकाश आवाडे आधीच भाजपच्या बाजूला होते. झाले की सहा! युती पहिल्यांदा मोडली कुणी, ते भांडण पारावर चालू द्या.

करवीरचे पी. एन. पाटील मे २०२४ मध्ये वारले. मुदत वर्षाच्या आत संपत होती, म्हणून पोटनिवडणूक झाली नाही. करवीरची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

पण आमच्या खिशाला कात्री लागली ती वेगळ्याच वाटेनं. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम. २१ फेब्रुवारी २०२२ ला राज्य सरकारनं शासन निर्णय काढून एफआरपीचे दोन तुकडे केले. पहिली उचल आता, उरलेली हंगाम संपून उतारा ठरल्यावर. सोसायटीचं व्याज काय उताऱ्यासाठी थांबतं? हा निर्णय विधानसभेत मताला टाकलेला नव्हता, मंत्रालयातून निघाला होता. त्यामुळं आमच्या दहापैकी कुणी हात वर केला आणि कुणी नाही, याची नोंदच नाही. त्यानंतर सरकार बदललं, बाकं बदलली, कागद तसाच राहिला. मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला मार्च २०२५ मध्ये. तोवर ती विधानसभा संपून नवी आली होती!

आता पंधराव्या विधानसभेचे आमदार मेळाव्याला, लग्नाला, जत्रेला भेटतील. हार घालायच्या आधी एवढंच विचारायचं : साहेब, एकरकमी एफआरपीवर सभागृहात आपण कधी, काय बोललात? तारीख सांगा.