गहू, यकृत आणि आपली पंगत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



आम्ही वैद्य नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या फायलींत आमची हयात गेली. तरीही यकृतासारख्या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहोत. कारण हा विषय आमच्याच घरी, सहा वर्षांच्या नातीच्या दुखण्यातून आला.

मुलीची वाढ खुंटली होती, पोट फुगत असे. रक्ततपासणीत यकृताची विकरे, म्हणजे एस.जी.ओ.टी. व एस.जी.पी.टी., मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघाली. यकृताच्या पेशींना इजा झाली की ही द्रव्ये रक्तात उतरतात. आम्ही कावीळ समजून तेल-तूप तोडले, उसाचा रस पाजला. डोळे मात्र कधीच पिवळे झाले नव्हते. चार महिने असे व्यर्थ गेले. अखेर एका बालरोगतज्ज्ञांनी विचारले, ''ही पोळी किती खाते?''

रोगाचे नाव सीलिअ‍ॅक. गहू, जव व राय यांतील ग्लुटेनमुळे अशा मुलांच्या लहान आतड्याचे अस्तर झिजते. अन्न अंगी लागत नाही, आणि आतड्याचा दाह यकृतालाही भोवतो. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाचा हा दोष ओळखला. १९४४-४५ च्या दुष्काळात पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची आजारी मुले सुधारली होती. निदानाच्या वेळी अशा अनेक मुलांची विकरे वाढलेली असतात. क्वचित तीच रोगाची पहिली खूण ठरते. म्हणून कारण न सापडता विकरे वाढलेली राहिली, तर या रोगाची तपासणी मागावी. रक्तचाचणी आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन केलेली परीक्षा होईपर्यंत गहू मात्र बंद करू नये. केल्यास रोग लपतो.

औषध एकच: जन्मभर ग्लुटेन वर्ज्य. बहुतेक मुलांची विकरे त्यानंतर सहा महिने ते वर्षभरात पूर्ववत होतात. न झाल्यास दोन शक्यता: पथ्यात चूक, अथवा यकृताचा दुसरा विकार.

आमच्याकडे चूकच होती. पोळी बंद होऊनही विकरे पुरती उतरेनात. शोध घेता दोन चोर सापडले. तांदळाचे पीठ आम्ही गव्हाच्याच गिरणीवर दळून आणीत होतो; आणि गोलबाजारातून वर्षानुवर्षे आणलेल्या बांधणीच्या हिंगात मैदा होता. रोजच्या वरणाच्या फोडणीतून तो पोरीच्या पोटात जात होता! तेव्हापासून तांदूळ घरीच दळतो, हिंगाच्या डबीवरील घटक वाचतो. वर्षाच्या आत तिची विकरे मर्यादेत आली.

छत्तीसगड हे धानाचे कोठार. येथला चीला, फरा आणि आपले घावन, अनारसे, उकडीचे मोदक ही सारी तांदळाचीच. नातीला उपाशी राहावे लागत नाही. एकटे मात्र राहावे लागते. गणेशोत्सवाच्या पंगतीत ती डबा घेऊन कोपऱ्यात बसते. ''एका घासाने काय होते?'' असे प्रेमाने म्हणणाऱ्यांना आम्ही हात जोडून सांगतो, एका घासानेच होते.

म्हणून मंडळापुढे एकच विनंती. पंगतीत एक पातेले, एक पळी आणि गव्हाच्या स्पर्शावाचून केलेला एक पदार्थ वेगळा ठेवावा. पन्नास वर्षे आपण परमुलखात एका पंगतीत जेवत आलो. त्या पंगतीत या लेकरांचेही पान मांडले जावे.