धोक्याचे खेळणे आणि कामगारांचे घर

(शाखेच्या कौटुंबिक मेळाव्यात चिटणीसांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



युनियनचा चिटणीस बोलायला उभा राहिला की महागाई भत्ता, पेन्शन आणि रिक्त जागा हेच ऐकायला मिळणार, असे आपण धरून चालता. ते विषय संपलेले नाहीत, संपणारही नाहीत. परंतु आज आपण बायका-मुलांसह जमलो आहोत, म्हणून घरातल्या एका विषयावर बोलायचे आम्ही ठरवले आहे. तो विषय म्हणजे मुलांची खेळणी, आणि धोकादायक ठरलेली खेळणी बाजारातून परत मागवण्याची पद्धत. इंग्रजीत तिला रिकॉल म्हणतात.

रेल्वेवाल्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. तपासणीत वाघिणीचा दोष सापडला की ती ‘सिक’ ठरते. तिच्यावर लेबल लागते, ती गाडीतून काढली जाते, मग आत कितीही महत्त्वाचा माल असो. टपाल खात्यातल्या बंधूंनाही ठाऊक आहे की पाठवणाऱ्याला आपले टपाल परत मागवता येते, पण ते वाटप होण्यापूर्वी. खेळण्याची अडचण इथेच आहे. दोष कळतो तोवर वाटप झालेले असते आणि खेळणे मुलाच्या तोंडात गेलेले असते.

या बाबतीत २००७ साल जगाने लक्षात ठेवले आहे. मॅटेल ही अमेरिकेतील फार मोठी खेळणी कंपनी. २ ऑगस्ट २००७ रोजी तिने जगभरातून सुमारे १५ लाख खेळणी परत मागवली, कारण त्यांच्या रंगात शिसे होते. पुढे १४ ऑगस्टला आणखी घोषणा झाली. शिशाचा रंग असलेल्या लाखो मोटारी आणि लहान, जोरदार चुंबके असलेली सुमारे १ कोटी ८२ लाख खेळणी तिच्यात होती. सप्टेंबरात तिसऱ्यांदा तेच झाले.

शिसे म्हणजे काय, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. ट्रेन लायटिंगमधले आमचे बंधू शिशाच्या बॅटऱ्यांवर काम करतात. पुलांच्या गर्डरना पूर्वी लाल शिशाचा हात देत असत. मोठ्या माणसालाही शिसे बाधते, मग लहान मुलाचे विचारायलाच नको. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे मुलाच्या अंगात मुरते आणि वाढत्या मेंदूवर घाव घालते. मूल अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते, आणि आपण त्याला ढ म्हणून मोकळे होतो. शिशाचे अमुक इतके प्रमाण चालेल असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही.

चुंबकाचा धोका निराळा. मुलाने एक गिळले तर ते बहुधा बाहेर पडते. पण दोन गिळली तर ती आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली आतडी चिमटली जाते आणि तिला भोक पडते. बटणासारख्या चपट्या सेलचेही असेच. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू लागतो. मूल खोकते, लाळ गाळते, आणि आई-बाप समजतात सर्दी झाली. शंका आली की पहाटेची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा.

आता या प्रकरणातली कामगारांच्या कामाची गोष्ट. ही खेळणी चीनमध्ये बनली होती. सारे जग म्हणाले, चिनी कारखानेच वाईट. रंगाच्या बाबतीत ते खरे होते. पुरवठादाराकडून शिशाचा रंग आला आणि कोणी तपासला नाही. पहिल्या यादीतला माल बनवणाऱ्या कारखान्याच्या एका मालकाने त्याच ऑगस्टमध्ये आत्महत्या केली. परंतु २१ सप्टेंबर २००७ रोजी मॅटेलच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने बीजिंगमध्ये जाहीर माफी मागितली आणि कबूल केले की परत मागवलेल्यांपैकी बहुसंख्य खेळण्यांचा दोष कंपनीच्या स्वतःच्या आराखड्यात होता. चुंबक निसटेल असे खेळणे कागदावर कोणी काढले? ते कारखान्यातल्या मुलीने काढले नव्हते. अपघात झाला की पहिले बोट गँगमन आणि पॉइंट्समनकडे दाखवले जाते, हा आपला नेहमीचा अनुभव. खेळण्यांच्या धंद्यातही तोच न्याय चालतो.

आणि त्या मुली कशा राबतात? १० मे १९९३ रोजी थायलंडमध्ये बँकॉकजवळच्या केडर खेळणी कारखान्याला आग लागली. १८८ कामगार मेले, बहुतेक तरुण स्त्रिया. दारे बंद होती, धोक्याची घंटा वाजली नाही, इमारत कोसळली. तिथली खेळणी पाश्चात्त्य देशांतल्या मुलांसाठी बनत होती. जो कारखाना आपल्या कामगारांचा जीव जपत नाही, तो अनोळखी मुलाचा जीव जपेल हा भरवसा कशाच्या जोरावर धरायचा? शिशाचा रंग मुलाच्या तोंडात जाण्याआधी रंगकाम करणाऱ्याच्या छातीत गेलेला असतो. म्हणून मुलांची सुरक्षा आणि कामगारांची सुरक्षा हे दोन वेगळे विषय आम्ही मानत नाही.

२००७ च्या त्या गदारोळातून अमेरिकेत ऑगस्ट २००८ मध्ये नवा कायदा झाला. मुलांच्या वस्तू स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासणे सक्तीचे झाले, आणि कोणता माल कुठे व केव्हा बनला याची खूण वस्तूवरच घालावी लागली. २००९ साली मॅटेलला २३ लाख डॉलर दंड भरावा लागला.

आपल्याकडे काय झाले? जानेवारी २००९ मध्ये सरकारने चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली आणि मार्चमध्ये ती सैल केली. खरी कडक व्यवस्था यायला आणखी बरीच वर्षे गेली. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यावर आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक झाले, देशी असो वा परदेशी. नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या पारंपरिक खेळण्यांना त्यातून सूट दिली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. धोकादायक माल परत मागवण्याचा आणि ग्राहकाला किंमत परत देण्याचा हुकूम ते देऊ शकते.

कागदावर हे चांगले आहे. पण माल परत मागवायचा तर तो कोणाकडे गेला हे कळले पाहिजे. आपण खेळणे घेतो जत्रेत, स्टेशनाबाहेर, धावत्या गाडीत. बिल नाही, डबा नाही, बनवणाऱ्याचे नाव नाही. अशा खेळण्याला परत बोलावणार कोण आणि कसे? श्रीमंताच्या मुलाच्या खेळण्याला पत्ता असतो, आपल्या मुलाच्या खेळण्याला तोही नसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गाडीत खेळणी विकणाऱ्या फेरीवाल्यावर आमचा राग नाही. तोही पोटासाठी फिरणारा, असंघटित कामगारच आहे. त्याची टोपली जप्त केल्याने शिसे थांबत नाही. थांबवायचे तर ते बंदरात, आयातदाराच्या गोदामात आणि कारखान्यात थांबवले पाहिजे. तसेच परवाना आणि तपासणीचा खर्च लहान कारखानदाराला पेलत नसेल, तर सरकारने तो हलका करावा. मात्र तपासणीच नको, ही मागणी आम्ही कधीही करणार नाही.

तेव्हा घरी गेल्यावर एवढे करा. खेळणे घेताना आय.एस.आय. चिन्ह आणि त्याखालचा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहा. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो खरा की खोटा हे कळते. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती सव्वा इंच रुंदीच्या नळीत मावेल असा सुटा भाग देऊ नका. सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल ते खेळणे परत करा. रंगाचे पापुद्रे निघत असतील तर ते घरात ठेवू नका, आणि कामवाल्या बाईच्या मुलालाही देऊ नका. बिल मागा व जपून ठेवा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागायला शुल्क लागत नाही.

आणि युनियन म्हणून आपली मागणी अशी असावी. परत मागवलेल्या प्रत्येक मालाची सूचना मराठीत आणि प्रत्येक प्रादेशिक भाषेत निघावी, आणि ती स्टेशनाच्या व टपाल कार्यालयाच्या फलकावर लागावी. खेड्यापाड्यांत पोचणारी आपल्या दोन खात्यांइतकी मोठी यंत्रणा देशात नाही. पोस्टमन ज्या घरी मनीऑर्डर पोचवत आला, त्या घरी एक इशारा पोचवणे अवघड नाही. गाडी सुरक्षित चालावी म्हणून रात्रभर रुळांवर गस्त घालणाऱ्याच्या घरातही तितकीच सुरक्षा असली पाहिजे. हा ठराव आज शाखेने करावा आणि फेडरेशनकडे पाठवावा, अशी सूचना मांडून आम्ही आपली रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!