हिरवळ नांगरणारा मंत्री आणि आपली ज्वारी



आजच्या मेळाव्यात ज्वारीच्या खरेदीचा ठराव यायचा आहे. त्याआधी एका माणसाची हकिकत तुमच्यापुढे ठेवतो. माणूस तामिळनाडूचा. तुमच्यातल्या वयस्कांनी त्याचं नाव महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून ऐकलेलं असेल. चिदंबरम सुब्रह्मण्यम. तिकडे त्यांना सी. एस. म्हणत.

कृषी महाविद्यालयात आम्हाला हरितक्रांती शिकवली ती बोरलॉग आणि स्वामिनाथन या दोन नावांनी. बियाणं कोणतं, नत्राची मात्रा किती, पहिलं पाणी केव्हा, सगळं पाठ. पण बियाणं बंदराला लागायचं तर परकीय चलन लागतं, मंत्रिमंडळाची मान्यता लागते. ती कोणी मिळवली, हे परीक्षेत विचारत नाहीत.

सुब्रह्मण्यम यांचा जन्म १९१० चा, कोइमतूर जिल्ह्यात पोल्लाचीजवळचा, शेतकऱ्याच्या घरातला. तो जिल्हा आपल्याला परका वाटायचं कारण नाही. तिथेही कापूस आहे, तिथेही ज्वारी आहे, फक्त ते तिला चोळम म्हणतात. शिक्षण भौतिकशास्त्राचं, मग वकिलीचं. १९४२ ला तुरुंग, पुढे घटना समिती, १९५२ पासून मद्रास राज्यात दहा वर्षं मंत्री. १९५४ मध्ये नेतेपदासाठी ते कामराजांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. कामराजांनी त्यांनाच मंत्रिमंडळात घेतलं आणि शिक्षण खातं त्यांच्याकडे ठेवलं. पडलेल्याला खातं देणारे पुढारी आज शोधून दाखवा!

१९६२ ला दिल्लीत पोलाद खातं मिळालं आणि १९६४ मध्ये शास्त्रीजींनी अन्न व शेती खातं दिलं. दिल्लीत हे खातं म्हणजे पुढाऱ्याचं राजकारण बुडवायची जागा. देश अमेरिकेच्या पी. एल. ४८० च्या गव्हावर जगत होता. आपल्याकडे म्हाताऱ्यांना रेशनची लाल मिलो अजून आठवते, तीही अमेरिकेचीच. १९६५-६६ ला पाऊस गेला आणि आदल्या वर्षीचं ८ कोटी ९० लाख टनांचं धान्य ७ कोटी २० लाख टनांवर आलं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजं थोडी थोडी सोडत, दोर हातात धरून.

अशा वेळी बहुतेक मंत्र्यांनी काय केलं असतं? लेव्ही वाढवली असती, साठेबाजांवर छापे घातले असते, शेतकऱ्याला देशभक्तीचं व्याख्यान दिलं असतं. सुब्रह्मण्यम यांनी साधा प्रश्न विचारला : जास्त पिकवून शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं? उत्तर होतं, काही नाही. तेव्हाच्या नियोजनाचा हिशोब असा, की धान्य स्वस्त राहिलं तर मजुरी कमी राहील, मजुरी कमी तर कारखाने उभे राहतील. शेतकऱ्याच्या चुलीवर कारखान्याचं बॉयलर! भाव वाढवायला आणि खतासाठी परकीय चलन द्यायला अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा विरोध होता. तरीही जानेवारी १९६५ मध्ये कृषिमूल्य आयोग आणि अन्न महामंडळ, दोन्ही उभी राहिली. आयोगाचे पहिले अध्यक्ष अर्थतज्ज्ञ दांतवाला. शेती संशोधन परिषदेवर पहिल्यांदाच शेतीशास्त्रज्ञ, डॉ. बी. पी. पाल, प्रमुख म्हणून बसले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आलं. एवढ्या बियाण्यावर देश पणाला लावू नका, असं म्हणणारे दोन्ही बाजूंना होते. मंत्र्याने आपल्या दिल्लीच्या बंगल्यातली हिरवळ नांगरली आणि तिथे नवा गहू पेरून दाखवला.

मधेच फेब्रुवारी १९६५ मध्ये हिंदीच्या सक्तीवरून मद्रास पेटलं, तेव्हा राजीनामाही देऊन झाला. शास्त्रीजींनी आश्वासन दिलं आणि तो परत घेतला.

फळ कधी दिसलं? १९६७-६८ ला गहू १ कोटी ६५ लाख टन झाला. तीन वर्षांपूर्वी तो १ कोटी २३ लाख होता. गोदामं पुरेनात, उत्तरेत शाळांच्या खोल्यांत गहू रचला. पण तोवर मंत्रीच उरले नव्हते. १९६७ च्या निवडणुकीत तामिळनाडूत ते पडले. समोरच्या द्रमुकचं आश्वासन होतं रुपयात तीन मापं तांदूळ. स्वस्त धान्याच्या घोषणेपुढे पिकवणाऱ्याचा भाव हरतो, हे तेव्हापासून सगळ्या पक्षांनी नीट ध्यानात ठेवलं आहे.

पुढे इंदिराजींच्या सरकारात ते अर्थमंत्री झाले. आणीबाणीतही त्याच खुर्चीवर राहिले, आणि ही बाजू त्यांच्या खात्यातून वजा करायला आम्ही तयार नाही. १९७५ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत ग्रामीण बँका निघाल्या. १९९० मध्ये राज्यपाल म्हणून मुंबईला आले. खासगीत पंतप्रधान नरसिंह रावांच्या कारभारावर केलेली टीका वर्तमानपत्रांत छापून आली आणि जानेवारी १९९३ मध्ये राजभवन सोडलं. १९९८ ला भारतरत्न, २००० साली मृत्यू.

आता आपला हिशोब. त्या क्रांतीत कोरडवाहू शेतकरी कुठे होता? नवं बियाणं, खत आणि पाणी ही तिन्ही एकत्र लागत होती, म्हणून सारा जोर बागायती जिल्ह्यांवर. वैज्ञानिक म्हणून आम्हाला ते समजतं. देश उपाशी होता, जिथे लवकर पिकेल तिथे पेरायचं. पण ज्वारीतही शोध लागला होता. सीएसएच-१ हा संकरित वाण १९६४ लाच आला. उतारा वाढला, मात्र ऐन कणसात पाऊस आला की दाणा काळा पडायचा, कडबा आखूड आणि बाजारात भाव मालदांडीच्या खाली. गव्हामागे अन्न महामंडळ पोतं घेऊन उभं राहिलं. ज्वारीमागे कोण उभं राहिलं? लेव्हीवाला!

आयोगाच्या कामकाजाच्या कलमांतच दोन गोष्टी होत्या : उत्पादकाला प्रोत्साहन, आणि राहणीखर्च, मजुरी व कारखानदारी यांवरचा परिणाम. सुब्रह्मण्यम यांचा हात पहिल्या कलमावर होता. नंतरच्यांचा दुसऱ्यावर सरकला. १९८५ मध्ये आयोगाच्या नावात ‘खर्च’ हा शब्द आला, पण आयोग शिफारस करतो, खरेदी करायला कोणाला बांधत नाही. भाव कागदावर, पोतं मोंढ्यात.

म्हणून आजच्या ठरावात आम्ही भावाच्या आकड्याबरोबर खरेदी केंद्राची तारीखही घातली आहे. काळा पडलेला दाणा कोणत्या दराने घेणार, हेही लिहून मागितलं आहे. ठराव आता वाचतो. हरकत असेल त्याने उभं राहून बोलावं.