आमदार कुणाचा? सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांची जीवनकहाणी
(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे एका आमदाराची हकिकत सांगायला उभे आहोत. आमदार हा शब्द कानावर पडताच तुमच्यातल्या पुष्कळांनी तोंड वाकडं केलं, ते आम्हांला इथून दिसलं! त्यात तुमची काही चूक नाही. निवडणुकीआधी चाळीचे जिने चढणारा आणि निवडून आल्यावर मोटारीची काच खाली न करणारा, असाच आमदार आपण जास्त पाहिला. पण बाबांनो, खोटं नाणं बाजारात फिरतं म्हणून खरं नाणं फेकून द्यायचं नसतं. खरं नाणं कसं वाजतं ते कानाला माहीत पाहिजे. म्हणूनच आज सांगोल्याच्या भाई गणपतराव देशमुखांचं नाव आम्ही घेतो आहोत.

तुम्ही म्हणाल, सांगोला कुठं आणि आपलं लालबाग-परळ कुठं? तो शेतकऱ्यांचा आमदार, आपण गिरणीतली माणसं. त्याचा आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो सुताच्या धाग्यासारखा आहे. दिसायला बारीक, पण ओढला की पार गावापर्यंत जातो. मुंबईच्या गिरण्या चालवल्या कुणी? कोकणच्या, साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या आणि घाटावरच्या दुष्काळी मुलखातल्या पोरांनी. गावाला पाऊस दगा देई, म्हणून बाप पोराला मुंबईच्या गाडीत बसवी. गावाला पाणी असतं तर आपल्यातले निम्मे लोक साच्यावर उभे राहिलेच नसते!

या गड्याचा जन्म १९२६ सालचा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूर गावचा. पुण्याला शिकला, वकील झाला आणि सांगोल्यात वकिली करू लागला. ते दिवस कसे होते? शेतकरी कामगार पक्ष नुकताच उभा राहिला होता. १९५० साली त्या पक्षानं दाभाडीला आपला प्रबंध मांडला आणि शेतकरी व कामगार एकाच गाड्याचे दोन बैल आहेत, असं छातीठोकपणे सांगितलं. गणपतराव त्या लाल बावट्याखाली आले. आले ते आले, मरेपर्यंत त्याच बावट्याखाली राहिले.

मग संयुक्त महाराष्ट्राचं रण पेटलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला आपला कामगार मोर्चा घेऊन निघाला, तो कुठं निघाला होता? फ्लोरा फाऊंटनला फिरायला नव्हे! त्याला विधानसभेच्या दारात जायचं होतं. गोळ्या सुटल्या, पंधरा जणांचे मुडदे त्या दिवशी पडले. पुढच्या वर्षी, ६ फेब्रुवारी १९५६ ला, संयुक्त महाराष्ट्र समिती झाली आणि शेतकरी कामगार पक्ष तिच्यात होता. शंभरावर हुतात्म्यांच्या रक्तावर १ मे १९६० ला हे राज्य उभं राहिलं. मंडळी, ज्या सभागृहाच्या दारात जाताना आपली माणसं पडली, त्या सभागृहात पुढं कोण बसलं आणि काय बोललं, हे विचारायचा पहिला हक्क कुणाचा? तुमचा-आमचाच की नाही?

राज्य झाल्यावर पहिली निवडणूक १९६२ ची. राज्य दिलं ते आम्हीच, असा काँग्रेसचा डंका वाजत होता. २६४ जागांपैकी २१५ त्यांनी घेतल्या. शेतकरी कामगार पक्षाच्या हाती आल्या फक्त १५. त्या पंधरांत सांगोल्याचा हा तरुण वकील होता. एवढ्या मोठ्या बहुमतापुढे पंधरा माणसं काय करणार, असं कुणालाही वाटेल. पण लक्षात ठेवा, सभागृहात हात वर करणाऱ्यांची संख्या मोजतात, तसा तोंड उघडणाऱ्याचा शब्दही लिहून घेतात. आमदारानं प्रश्न विचारला की मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी सूचना लावली की सरकारला उभं राहून खुलासा करावा लागतो. अर्थसंकल्पात पैसा कुठं चालला हे विचारता येतं, कपात सूचना देता येते. ही हत्यारं प्रत्येक आमदाराच्या हातात असतात. कुणी ती परजतो, कुणी ती गंजवतो. गणपतरावांनी ती पन्नास वर्षांहून जास्त काळ परजली, आणि त्यातला बहुतेक काळ विरोधी बाकावर बसून!

अकरा वेळा हा माणूस सांगोल्यातून निवडून आला. १९६२, १९६७, मग १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. आता यात दोन खाचा दिसतात बघा, १९७२ ची आणि १९९५ ची. दोन्ही वेळा ते पडले. १९९५ ला तर अवघ्या १९२ मतांनी! १९२ मतं म्हणजे किती? आपल्या दोन चाळींची मतं. दुसरा कुणी असता तर त्यानं काय केलं असतं? रातोरात बावटा बदलला असता, जिकडे खुर्ची तिकडे सतरंजी टाकली असती. हा गडी तसाच तालुक्यात फिरत राहिला. आमदारकी गेली म्हणून वाड्या-वस्त्यांवर जाणं थांबलं नाही. १९९९ ला त्याच लोकांनी त्याला पुन्हा मुंबईला पाठवलं. पडलेला पुढारी कुठं सापडतो ते बघावं, त्याची खरी परीक्षा तीच.

मंत्रिपदही त्यांना मिळालं. १९७८ साली शरद पवारांच्या मंत्रिमंडळात, आणि १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. पण मंत्री झाला म्हणून माणूस बदलला, असं सांगोल्यात कुणी म्हटलं नाही. एस. टी. च्या लाल गाडीत बसून प्रवास करणारा आमदार अशीच त्यांची ख्याती राहिली. आम्ही याचं कौतुक करतो, ते केवळ साधेपणाचं नाही. साधा सदरा कुणीही घालील! पण एस. टी. त बसणाऱ्या आमदाराला शेजारचा शेतकरी, पलीकडची म्हातारी, कॉलेजचं पोर आपलं गाऱ्हाणं सांगू शकतं. तिथं मध्ये चिटणीस नसतो आणि दलालही नसतो. आमदार आणि मतदार एका बाकड्यावर बसतात, तेव्हाच लोकशाही नीट चालते.

आता कामाचं बोलू. सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी नावाची नदी, वर्षातले कितीतरी महिने तिच्यात वाळूच. अशा ठिकाणी पुढाऱ्याला दोन वाटा असतात. एक, दुष्काळ पडला की टँकर आणि छावणी मागायची, फोटो काढून घ्यायचा आणि घरी जायचं. दुसरी, दुष्काळ पडतोच का, हे विचारायचं. गणपतरावांनी टँकरही मागितला, छावणीही मागितली, पण प्रश्न विचारायचा सोडला नाही. कृष्णेच्या पाण्याचा निवाडा बच्छावत लवादानं केला, १९७६ ला अंतिम निर्णय दिला, महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी आलं. वाटा मिळाला कागदावर. पण कागदावरच्या पाण्यानं जोंधळा भिजत नाही!

म्हणून १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी पुढे होते, गणपतराव खांद्याला खांदा लावून होते, तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं जमत होती. मागणी काय? पाणी साऱ्यांचं आहे, ते समान वाटा. कराडजवळ टेंभू गावापाशी कृष्णेचं पाणी अडवायचं, पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं आणि दुष्काळी माळावर आणायचं, ही टेंभूची योजना अशा रेट्यानं पुढं सरकली. ती एका माणसानं केली असं आम्ही म्हणणार नाही. परिषदेला भाकरी बांधून येणाऱ्या हजारो माणसांनी ती ओढून आणली. आणि ती यायला फार वर्षं लागली, हेही लपवायचं कारण नाही. पण आमदार बाहेर परिषदेत एक बोलतो आणि आत सभागृहात दुसरं, असं तिथं झालं नाही, म्हणून लोकांचा रेटा वाया गेला नाही.

आणि आता तुमच्या-आमच्या जिव्हाळ्याची गोष्ट. या शेतकऱ्यांच्या आमदारानं सांगोल्यात काय उभं केलं, माहीत आहे? सूतगिरणी! होय, शेतकरी सहकारी सूतगिरणी. कापसाचं पीक नसलेल्या तालुक्यात सूतगिरणी काढतो म्हटल्यावर शहाण्यांनी कपाळाला हात लावला. पण हिशेब साधा होता. शेतात पाणी नाही, तर तरुणानं गाव सोडून जायचं का? चात्या गावात आणल्या तर पोर गावात राहील. कापूस बाहेरून आणला, सूत बाहेर विकलं आणि गिरणी चालवून दाखवली. मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांना पुन्हा कधीच आत जाता आलं नाही. इथं मालकाला कापडापेक्षा गिरणीखालची जमीन गोड लागली. तिकडे माळरानावर जमिनीला भाव नव्हता, म्हणून की काय, सुताला किंमत राहिली! सहकारी गिरण्यांतही खाबूगिरी झाली, कित्येक बुडाल्या, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणूनच जो चालवून दाखवतो त्याचं नाव घ्यायचं.

कुणी म्हणेल, हे सारं खरं, पण आमदारावाचून आपलं काय अडतं? युनियन आहे की! बंधूंनो, अडतं, फार अडतं. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा कुठं झाला? मुंबईच्या विधिमंडळात. एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन, हा फास त्याच कायद्यानं घातला, आणि १९८२ ला लाखो कामगार एका बाजूला असताना कायदा दुसऱ्या बाजूला उभा राहिला. गिरण्यांच्या जमिनीचं काय? १९९१ च्या अठ्ठावन्न नंबरच्या नियमानं जमिनीचा एक वाटा महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला, असं ठरलं होतं. २००१ ला सरकारनं त्यात दुरुस्ती केली, वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती ठेवली आणि घरांच्या वाट्याला उरला तुकडा. २००६ ला सर्वोच्च न्यायालयानंही ती दुरुस्ती कायम केली. एका ओळीनं तुमच्या घराची भिंत कुठल्या कुठं गेली! ती ओळ लिहिली जाते तिथं आपला माणूस जागा असायला नको?

दुसरीकडे बघा. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना १९७७ ला कायदा झाली. मागेल त्याला काम. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ साली व्यवसाय कर आला. तुमच्या पगारपत्रकावर तो कापलेला दिसायचा, आठवतं? तो पैसा गावाकडं तुमच्याच भावजयीला, चुलत्याला खडी फोडल्याची मजुरी म्हणून मिळाला. म्हणजे विधिमंडळ एका हातानं घेऊही शकतं आणि दुसऱ्या हातानं देऊही शकतं. कोणता हात चालवायचा, हे तिथं बसलेली माणसं ठरवतात. आणि माणसं कोण बसवतं?

गणपतराव २०१९ ला उभे राहिले नाहीत. नव्वदी ओलांडली होती. त्या निवडणुकीत पक्षानं ती जागा हजाराच्या आतल्या मतांनी गमावली. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात त्यांनी देह ठेवला. २०२४ ला त्यांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख सांगोल्यातून निवडून आले. आम्ही त्यांनाही तीच मोजपट्टी लावू. आजोबाची पुण्याई पहिल्या निवडणुकीपुरती असते, पुढचं खातं ज्याचं त्यानं भरायचं.

तेव्हा मंडळी, गणपतरावांचा फोटो भिंतीवर लावून हार घाला, असं सांगायला आम्ही आलो नाही. त्यांच्याकडून मोजपट्टी घ्या. तुमच्या दारात मत मागायला येईल त्याला चार प्रश्न विचारा. बाबा रे, आमच्या घरांबद्दल सभागृहात किती वेळा तोंड उघडलंस? कोणत्या चिन्हावर निवडून आलास आणि आज कुठं बसला आहेस? मागच्या वेळी पडलास, तेव्हा पाच वर्षं कुठं होतास? आणि आमच्या हाताला काम देणारी एक तरी गोष्ट उभी केलीस का?

उत्तर देताना त्याची मान खाली गेली, तर तुमचा हात त्याच्या चिन्हावर जाता कामा नये. मग तो आपल्या जातीचा असो, आपल्या गावचा असो, की त्यानं गणपतीला मंडप दिलेला असो! सांगोल्याच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या शेतकऱ्यानं अकरा वेळा ही पारख केली. मुंबई ज्यानं लढून मिळवली, त्या गिरणी कामगाराला ती करता येणार नाही, असं आम्ही कधीच मानणार नाही.

जय महाराष्ट्र!