माँटगोमेरीतल्या त्या बायका



१ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक बाई उठली नाही, अशी ही गोष्ट बहुतेकदा सांगितली जाते. त्या सांगण्याचा मला राग येतो. पार्क्सबाई १९४३ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपीच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. १९४४ मध्ये रेसी टेलर या कृष्णवर्णीय स्त्रीवर गोऱ्या तरुणांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा माहिती काढायला त्याच गेल्या होत्या. त्यांना नुसतं दमलेलं म्हटलं की हे सगळं काम पुसलं जातं.

पार्क्सबाईंना अटक झाली त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजातल्या यंत्रावर हजारो पत्रकं छापली. बसवर बहिष्काराची कल्पना त्यांच्या महिला संघटनेत आधीपासून शिजत होती. मग ३८१ दिवस लोक पायी चालले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. गाड्यांना पेट्रोल लागतं. ते आलं कुठून?

काही अंशी जॉर्जिया गिलमोर यांच्या स्वयंपाकघरातून. त्या पेशाने स्वयंपाकीण. त्यांनी आणखी बायका जमवल्या, घरोघरी केक, पाई, कोंबडीचे पदार्थ करून विकले आणि पैसा चळवळीला दिला. त्यातल्या कित्येकजणी गोऱ्यांच्या घरी कामाला. नाव फुटलं तर चूल विझणार. म्हणून आपल्या मंडळाचं नाव त्यांनी ठेवलं ‘कुठल्याच नसलेल्यांचा क्लब’. पैसे कुठून आले, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार: कुठूनच नाही. गिलमोरबाईंनी १९५६ मध्ये बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात उघड साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. पुढे किंगांच्या मदतीने त्यांनी घरीच खानावळ चालवली. या चळवळीचा विचार करताना मला किंगांच्या भाषणांआधी ही खानावळ आठवते, आणि त्यात भाषणांचा काही अनादर आहे असं मला वाटत नाही.

बसमधल्या भेदभावाविरुद्धचा खटलाही बायकांच्याच नावे चालला. त्यांच्यात क्लॉडेट कॉल्व्हिन होती. पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी, पंधराव्या वर्षी, तिनेही जागा सोडली नव्हती. नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला.

निकाल हातात आला की लढाई संपली असं आपल्याला वाटतं. पण ती तिथे संपत नाही. आपल्या महाडचंच बघा. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तरी अस्पृश्यांना तिथे पाणी घेता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले, मार खाल्ला. त्याच वर्षी नगरपालिकेने तो ठराव रद्द केला! उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ उजाडलं. आंबेडकरांना अमेरिकेतल्या लढ्याची जाण होती; १९४६ मध्ये त्यांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या.

अमेरिकेतही दिलेलं परत घेतलं गेलं. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने, ज्या राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदानापासून अडवण्याचा इतिहास होता त्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायला लावली. कुणावर ही सक्ती हे ठरवणारं कलम २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. तो खटला अलाबामातल्याच शेल्बी परगण्याचा. निकाल लागला त्याच दिवशी टेक्सासने मतदानासाठी ओळखपत्राची कडक अट लागू होत असल्याचं जाहीर केलं.