मुक्काम किती उंचीवर?



पत्रिकेत विषय छापला आहे ‘उंच पर्वतांतील भटकंती आणि मार्गदर्शक पुस्तकांची निवड’. हिमालयात कधी जावं, बूट कोणते घ्यावेत, परवाने कसे काढावेत, हे या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना सांगायची गरज नाही. निम्मं सभागृह आत्ताच सॅक भरून निघायच्या तयारीत दिसतंय. (हशा) मी थेट मुद्द्यावर येतो.

दुकानात पुस्तक हातात घेतलंत की मुखपृष्ठावरच्या शिखरात अडकू नका. दिवसवार कार्यक्रमाचं पान उघडा आणि एकच गोष्ट शोधा: प्रत्येक रात्रीचा मुक्काम किती उंचीवर आहे? हा आकडा नसेल तर पुस्तक फळीवर परत ठेवा. असेल तर पेन्सिल काढा आणि वजाबाकी करा.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी, असं या विषयातले डॉक्टर सांगतात. दिवसभरात वर जाऊन आलात तर चालेल. झोपता कुठे ते महत्त्वाचं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे सह्याद्रीत आयुष्य घालवलं तरी या प्रश्नाशी आपली गाठ पडत नाही. एका दिवसात तीन किल्ले करणारा गडी विरळ हवेपासून सुरक्षित असतो असं मुळीच नाही. उलट त्याची मला जास्त काळजी वाटते, कारण त्याचे पाय त्याला थांबू देत नाहीत. पहिल्या रांगेतले तरुण हसताहेत. हसा, पण हे तुमच्यासाठीच आहे.

म्हणूनच नेपाळमधल्या ट्रेकिंगवरचं स्टीफन बेझरुच्का यांचं पुस्तक मी मोठं मानतो. पहिली आवृत्ती १९७२ची. लेखक पेशानं डॉक्टर. पुस्तकात वाटेचं वर्णन आहेच, पण वाटेवर माणूस आजारी कसा पडतो आणि ज्यांच्या गावातून आपण जातो त्यांच्याशी कसं वागावं, यालाही तितकीच जागा आहे. चालणाऱ्याचा जीव लेखकाला प्यारा आहे, हे त्यातून कळतं.

दुसरी पाहायची गोष्ट आवृत्तीचं साल. वरवर साधी वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो. अन्नपूर्णेच्या प्रदक्षिणेचं जुनं पुस्तक घ्या. ते तुम्हाला बेसीसहरहून, जेमतेम आठशे मीटरवरून, मर्स्याङ्दी नदीच्या काठानं चालवत नेतं. साधारण आठवड्यानं मनाङ, ३५४० मीटर. तो चालण्यातला आठवडा हेच औषध होतं! लेखकानं तसं स्पष्ट लिहिलं नसेल, कारण तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. आता जीप मनाङपर्यंत जाते. मनाङच्या पुढचं पान आजही बरोबर आहे. गाव तिथेच, खिंड तिथेच. पण त्या पानापर्यंत पोचलेलं शरीर वेगळं आहे.

मनाङच्या एका लॉजमध्ये मला आपल्याकडची काही मुलं भेटली. मराठी ऐकून फार बरं वाटलं. त्यांच्याजवळ जुन्या पुस्तकाच्या झेरॉक्स होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपलेल्या. जीपनं आली होती. एक मुलगा पांघरूण घेऊन कोपऱ्यात पडलेला. मी विचारलं, तर बाकीचे म्हणाले, “काका, त्याला पित्त झालंय. काल रात्री तेलकट खाल्लं.” डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको. घरी असतो तर आपण सगळ्यांनी पित्तच म्हटलं असतं आणि कोकम सरबत दिलं असतं. मी झेरॉक्स मागितली. त्यात लिहिलं होतं की मनाङला एक दिवस विश्रांती आणि दुसऱ्या दिवशी याक खर्क. त्यांची विश्रांती झाली होती, म्हणून सकाळी निघायचं ठरलेलं. पुस्तकाबरहुकूम! पण त्या एका दिवसाच्या मागे जो आठवडा गृहीत होता, तो यांच्या अंगात नव्हताच. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना मोसमात मनाङला चालतो, डॉक्टर दुपारी सगळ्यांसाठी उंचीच्या आजारावर बोलतात. त्या मुलाला तिथे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि खाली उतरायला सांगितलं. मित्र हिरमुसले, एकजण तर माझ्यावर चिडलाच. तरी त्यांनी जीप केली, चामेला उतरले. दुसऱ्या दिवशी फोन आला, गडी डाळभात मागून मागून खात होता.

(टाळ्या) टाळ्या त्या डॉक्टरांना.

बरं, त्या मुलाच्या वाटेत पुढे काय होतं? थोरोङ फेदीपासून थोरोङ ला ही खिंड, ५४१६ मीटर: पहाटेच्या अंधारात जवळजवळ हजार मीटर चढ आणि मग मुक्तिनाथकडे सोळाशे मीटर उतार. ऑक्टोबर २०१४मध्ये हुदहुद वादळाचा उरलेला जोर याच भागात बर्फ होऊन कोसळला आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. तेव्हा पुस्तकात हेही शोधा की लेखक परत फिरायला सांगतो का? कुठून, कोणत्या चिन्हांवर, आणि आसरा कुठे? खिंडीपलीकडचं सौंदर्य सांगायला सगळेच तयार असतात.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. गिर्यारोहणाचा भाग आता भरभर घ्यावा लागेल.

लडाखचं स्टोक कांगरी, ६१५३ मीटर. कितीतरी पुस्तकांत ‘सोपं सहा हजारी’ म्हणून त्याची शिफारस आहे. गावाचं पाणी त्या डोंगराच्या बर्फावर अवलंबून, म्हणून स्टोकच्या गावकऱ्यांनी २०२०पासून चढाई बंद केली. पुन्हा सालाचाच मुद्दा. आल्प्सच्या पुस्तकांत चढाईची श्रेणी असते. ती खडक-बर्फाची अवघडता सांगते. साडेसहा हजार मीटरवर तीच श्रेणी चढताना दम कसा लागेल, हे सांगत नाही. हिमालयातल्या बहुतेक शिखरांवर तसं तयार पुस्तक मिळतच नाही. तिथे १९२९पासून निघणारं ‘हिमालयन जर्नल’ चाळा, मुंबईच्या हरीश कापडियांनी वर्षानुवर्षं संपादित केलेलं. त्या वृत्तांतांतही कॅम्पची उंची आणि तारखा आधी वाचा. कोण किती दिवस कुठे झोपलं, हे कळलं की चढाई कळते.

मागून आवाज येतोय, “सर, आता मोबाइल आहे!” आहे ना. मीही वापरतो, वाट दाखवायला उत्तम. पण तो तुम्हाला जीपनंही मनाङला नेतो आणि पुढचा बाण दाखवतो. कोपऱ्यात पडलेल्या मुलाला झालंय ते पित्त नाही, हे मोबाइलला दिसत नाही. त्यासाठी आधी घरी, शांतपणे वाचलेलं पुस्तक लागतं. हे मी हट्टानं म्हणतो आणि म्हणत राहीन.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्नांना वेळ नाही, क्षमा करा. ज्यांचं यंदा ऑक्टोबरात जायचं ठरलंय, त्यांनी आपापले कार्यक्रम घेऊन व्यासपीठाशी या. पेन्सिल माझ्याकडे आहे. दिवे घालवेपर्यंत जितक्यांच्या मुक्कामांची वजाबाकी होईल, तितक्यांची करू.