तरवारीचा घाव आणि लोहाराचें चिलखत

(तालमीच्या वार्षिक समारंभांतील भाषण)



रोलां नांवाच्या वीराचें एक जुनें फ्रेंच काव्य आहे. तें सुमारें ११०० सालचें. त्यांत हा वीर एकाच घावानें शत्रूचें शिरस्त्राण, चिलखत, धड आणि खालचा घोडाही चिरतो! हें ऐकून मान डोलते. पण आम्ही विचारतों, असें घडेल काय?

त्या काळचें चिलखत म्हणजे लोखंडी कड्यांची जाळी. एकेक कडी खिळवून बंद केलेली, आंत गोधडीसारखा जाड अंगरखा. अशा जाळीवर घाव बसला तर हाड मोडेल; पण जाळीसकट माणूस दुभंगणार नाहीं. पंधराव्या शतकांत तर सबंध अंगावर पोलादी पत्रे आले. वजन २० ते २५ किलो. त्यांवरून तरवार घसरते.

हें त्या वेळच्या वस्तादांस पक्कें ठाऊक होतें. इटलीच्या फिओरेनें सुमारें १४१० सालीं लिहिलेल्या पोथींत चिलखतवाल्याशीं लढण्याचे डाव दिले आहेत. एका हातानें मूठ व दुसऱ्यानें पातेंच धरावें आणि टोंक तोंडावर, काखेंत, जेथें फट असेल तेथें खुपसावें! पोलाद कापण्याची भाषा तो करीत नाहीं.

आतां हाडांची साक्ष ऐका. आजच्या स्वीडनमधील गॉटलंड बेटावर, विस्बी शहराच्या तटाबाहेर, १३६१ सालीं डेन्मार्कचा राजा वाल्देमार याच्या फौजेनें तेथल्या शेतकऱ्यांची कत्तल केली. विसाव्या शतकांत तेथील खड्डे उकरले, तेव्हां ११०० हून अधिक माणसांचीं हाडें निघालीं. त्यांत पोरें होतीं, म्हातारे होते. घाव फार करून पायांच्या नळ्यांवर! ढाल तेथवर पोंचत नाहीं. जेथें आड कांहीं नव्हतें, तेथेंच पातें चाललें.

वीराचें धैर्य आम्ही नाकारीत नाहीं. पण काव्यांतला घाव खरा मानला, तर दोघांवर अन्याय होतो. ज्या लोहारानें रात्रंदिवस भाता फुंकून चिलखत घडविलें, त्याचें काम कागदाचें ठरतें; आणि नळ्या तुटून पडलेला शेतकरी कोणाच्या आठवणींतही राहत नाहीं. लोहाराचें नांव कवीनें घेतलें नाहीं, शेतकऱ्याचेंही नाहीं.

म्हणून मुलांनो, वीरांचीं गाणीं खुशाल ऐका. पण घाव मोजतांना भाटास विचारूं नका, लोहारास विचारा.